ड्रमसमोर बोलू नये

माझा ड्रम माणसाला काही करत नाही, आणि समजा करू लागलाच तर माझ्या एका शब्दावर थांबतो. हे वाक्य मी दोन वर्षांत इतक्या जणांना ऐकवलं होतं की नदीतल्या गोट्यासारखं ते गुळगुळीत होऊन गेलं होतं. दुकानात ऐकवलं, चर्चच्या पायऱ्यांवर ऐकवलं, दवाखान्यात रक्तदाब मोजून घेतानासुद्धा ऐकवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नोएलीन, जरा वेळ गप्प बसा, काटा वर चाललाय."

ड्रम म्हणजे माझ्या नवऱ्याचा कुत्रा. डेसने चाळीस वर्षं डोंगरातल्या मेंढीफार्मवर काढली आणि शेवटची सहा वर्षं ड्रमच्या सोबतीने काढली. काही कुत्री मेंढरांना नुसत्या नजरेने वळवतात, मांजरासारखी दबकत. ड्रमची जात तशी नाही. ती आवाजावर काम करते. डेस दरीच्या अलीकडे उभा राहून नुसतं म्हणायचा, "बोल, ड्रम, मोठ्याने बोल." की ड्रम त्या पिंपाएवढ्या छातीतून असा आवाज काढायचा की पलीकडच्या उतारावरची चारशे मेंढरं धुक्यातून सुटून खाली वाहू लागायची. डेस संध्याकाळी बूट काढताना गुणगुणायचा,

डोंगराआड डोंगर, त्याच्याआड मेंढरं,
ड्रम बोलला की उतरती ढगांची लेकरं.

मी तेव्हा स्वयंपाकघरात बटाटे सोलत असायची. डोंगरावर काय चालतं ते मला एवढंच ठाऊक, जेवढं खिडकीतून ऐकू यायचं.

डेस गेल्यावर मी फार्मचं घर सोडून वायकोरा गावात आले, नदीकाठच्या रस्त्यावर. सोबत आणली डेसची टोपी, पाच कोंबड्या आणि बेचाळीस किलोंचा ड्रम. ड्रमला गाव काही समजेना. इतके उतार, इतकी हिरवळ, आणि हाकायला काहीच नाही. सकाळी तो फाटकाशी जाऊन बसे आणि रस्त्याने जाणारी माणसं मोजल्यासारखी पाही. मला वाटायचं, त्याला माणसांचा लळा लागलाय.

आता फाटकाचं सांगते, कारण सगळं त्याच्यापाशी सुरू झालं. त्याची कडी पहिल्याच हिवाळ्यात तुटली. आमच्या मुलखात तारेच्या तुकड्याने दुरुस्त होणार नाही अशी वस्तू कुणी मानतच नाही. डेसने गाडीचा आरसा तारेने बांधला होता, चष्म्याची दांडी तारेने बांधली होती, एकदा तर स्वतःच्या बुटाचा तळवा तारेने शिवून त्याच बुटांत लग्नाला आला होता. आमच्याच लग्नाला. तेव्हा मीही तारेचं एक कडं वळलं, फाटकाच्या खांबावर अडकवलं आणि शेजारच्या मासिना आंटीला म्हटलं, "पुढच्या आठवड्यात नवी कडी बसवते."

"काय म्हणालीस?" आंटी म्हणाली. "मोठ्याने बोल, पोरी."

मासिना आंटी एक्क्याऐंशी वर्षांची. तिचे यजमान सामोआहून इथे पाद्री म्हणून आले, आणि ते गेल्यावरही ती इथेच राहिली, टारोचे कंद लावत, भजनं गात. गाते इतकी मोठ्याने की नदीपलीकडची गुरं मान वर करतात. तिला ऐकू कमी येतं. कानात यंत्र आहे, पण त्याचे बारीक सेल तेव्हा कधीचेच संपलेले. ड्रमवर तिचा जीव. रोज कुंपणावरून त्याला उकडलेला टारो देते आणि सांगते, "कसा मुका बिचारा."

तो मंगळवार होता. सकाळचे दहा. मी गावच्या बोलिंग क्लबात चहा घेत होते, आणि खोटं कशाला सांगू, त्याच घटकेला क्लबाच्या सेक्रेटरीला सांगत होते की माझा ड्रम माणसाला काही करत नाही.

आणि त्याच घटकेला आमचा पोस्टमन मासिना आंटीच्या दारात पार्सल घेऊन उभा होता.

हा पोस्टमन नवा. नाव रेवी. तेहतिशीचा, सडपातळ, ऑकलंडसारख्या मोठ्या शहरातून तीन महिन्यांपूर्वीच आलेला. पार्सलात काय होतं? आंटीच्या कानातल्या यंत्राचे सेल. त्यामुळे आंटीला, साहजिकच, काही ऐकू येत नव्हतं.

"आंटी, इथे सही हवी," रेवी म्हणाला.

"काय? मोठ्याने बोल."

"सही. सही करा."

"मोठ्याने बोल, बाळा. मोठ्याने बोल."

आंटीचा आवाज म्हणजे भजनाचा आवाज. कुंपणाच्या अलीकडे दोन वर्षं वाट बघत बसलेल्या एका नोकरदार माणसाने, म्हणजे कुत्र्याने, तो स्पष्ट ऐकला. तारेच्या कड्याने काय केलं असेल? जे तारेचं कडं बेचाळीस किलोंपुढे करतं तेच केलं.

पुढचं मला नंतर कळलं. ड्रम बोलत आला. रेवी पायऱ्यांवरून उडाला. पार्सल हातात, पाय टारोच्या वाफ्यात. तो डावीकडे वळला की ड्रम डावीकडे, उजवीकडे वळला की ड्रम उजवीकडे. दात लावला नाही, पण बेचाळीस किलोंचा आवाज पाठीशी असताना दात मोजायला थांबतो कोण? तो माझ्या फाटकातून आत आला, खिळ्याला विजार फाडली, परसात घसरून मनगटावर पडला, उठला, आणि समोर जे पहिलं दार दिसलं त्यात शिरला. ते माझं कोंबड्यांचं खुराडं होतं.

मी घरी आले तेव्हा दृश्य असं: खुराड्यापुढे ड्रम पोट टेकून, पंजे पुढे करून, अगदी देवळातल्या दगडी नंदीसारखा शांत पडलेला. आत रेवी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. त्याच्या खांद्यावर एक कोंबडी.

"बघ," मी म्हटलं, "किती गरीब आहे. नुसता झोपलाय."

रेवीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

"पुरे, ड्रम," मी म्हटलं. ड्रम उठला आणि पाणी प्यायला निघून गेला. "पाहिलंस? माझ्या एका शब्दावर."

"मिसेस गेडिस," रेवी हळूच म्हणाला, "माझं मनगट मोडलंय बहुतेक."

आणि मी काय विचारलं? आज आठवलं की कान गरम होतात. मी विचारलं, "अंड्यांवर बसला नाहीस ना?"

मग मात्र मी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मनगटाच्या हाडाला चीर होती. वाटेभर मी त्याला सांगत होते की ड्रम माणसाला काही करत नाही, आणि वाटेभर तो खिडकीबाहेर बघत होता. शहाणा मुलगा.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या रस्त्यावरचं टपाल बंद झालं. नियमच आहे तसा; कुत्र्याने पोस्टमनला जखमी केलं की कुत्र्याचा निकाल लागेपर्यंत त्या रस्त्यावर पोस्टमन यायचा नाही. अकरा घरं. प्रत्येकाला पत्रासाठी दोन मैलांवरच्या टपाल कचेरीत जावं लागायचं, आणि जाताना प्रत्येकजण माझ्या दारावरून जायचा.

"नोएलीन, माझी गुडघ्याची मलमं येणार होती, म्हणून चाललोय. गुडघ्याने."

"नोएलीन, नातीने वाढदिवसाचं कार्ड पाठवलं होतं. आता पुढच्या वाढदिवसाला मिळेल."

"नोएलीन, तुझ्या ड्रमलाच पिशवी बांध ना पाठीवर. तोच पोचवेल."

त्यांच्या टोमण्यांचं मला काही नव्हतं. मला भीती होती ती ब्रॉनविनची. ब्रॉनविन म्हणजे नगर परिषदेची कुत्र्यांची अधिकारी. पायात हे मोठे बूट, खिशात सुक्या यकृताचे तुकडे, आणि तोंडावर कधी राग नाही. रागावणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ब्रॉनविनशी काय करणार? तिने तारेचं कडं दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिलं.

"हे काय आहे, नोएलीन?"

"कडी."

"ही कडी?"

"तात्पुरती."

"केव्हापासून?"

मी कोंबड्यांकडे बघत राहिले.

तिने मग समोर बसवून नीट सांगितलं. तीन जणांची समिती सुनावणी घेईल. समितीला वाटलं तर अटी घालून ड्रम माझ्याकडेच राहील. पण समितीला वाटलं की हा कुत्रा कुणाच्या आवरण्यातला नाही, तर प्रकरण कोर्टात जाईल. "आणि कोर्टात गेलं," ब्रॉनविन म्हणाली, "तर बहुतेक वेळा शेवट कुत्र्याला कायमचं झोपवणाऱ्या सुईने होतो. मी तुम्हाला घाबरवत नाही. तुम्हाला आधी कळावं म्हणून सांगते."

ती गेल्यावर मी परसात जाऊन बसले. ड्रमने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. डोकं कसलं, वरवंटाच. डेसच्या टोपीला अजून येतो तो वास त्याच्या मानेला येतो: लोकर, पाऊस, धूर. घरात डेसचं बोलतंचालतं असं हेच एक उरलं होतं. मी त्याच्या कानात म्हटलं, "तुला मी जाऊ देणार नाही," आणि उठून, जे करायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं केलं.

म्हणजे काय केलं? त्याला आंघोळ घातली. गळ्यात निळी फीत बांधली. सुनावणीला साक्षीदार म्हणून मासिना आंटीला तयार केलं. ब्रॉनविनने सांगितलं म्हणून जाळीचं मुसकं तिच्याकडून उसनं आणलं. रेवीसाठी आल्याचा केक केला. तो त्याने घेतला, पण फाटकाच्या बाहेर उभा राहून, लांब हात करून. फाटकाला मात्र अजून तेच कडं होतं. फरक इतकाच की आता मी ते दोनदा पिळलं होतं.

सुनावणी गावच्या हॉलमध्ये झाली. पत्र्याचं छप्पर, लाकडी जमीन, एका बाजूला चहाचं स्वयंपाकघर. टेबलामागे समितीचे तिघे. अध्यक्ष गॉर्डन मॅकआल्पिन, सत्तरीचे, बियाण्यांचे जुने व्यापारी, बोलणं इतकं हळू की जणू बीच पेरताहेत. टेबलावर पुरावे मांडलेले: रेवीची फाटकी विजार, माझं तारेचं कडं, आणि पारदर्शक पिशवीत बांधलेलं, मोहर लावलेलं ते पार्सल. आंटीच्या सेलचं.

म्हणजे आंटी साक्षीला आली होती ती ठार बहिरी होऊन.

ड्रम मुसकं घालून माझ्या पायांशी. ब्रॉनविन वाकून म्हणाली, "पट्टा हातातच ठेवा."

"अगं, तो माझ्या एका शब्दावर..."

"हातात, नोएलीन."

ठेवला हातात. पण आंटीला खुर्चीवरून उठायला आधार हवा होता. एका हाताने एक्क्याऐंशी वर्षं उठत नाहीत. मी पट्टा घडीच्या खुर्चीच्या पायाला दोन वेढे देऊन अडकवला. तात्पुरता.

त्याआधी माझी साक्ष झाली होती. मी ते गुळगुळीत वाक्य म्हटलं, डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, आणि प्रात्यक्षिक दाखवायची परवानगी मागितली. "पुरे, ड्रम," मी म्हटलं. झोपलेला ड्रम झोपूनच राहिला. "बघा," मी म्हटलं. समितीने आपसांत काहीतरी लिहून घेतलं.

मग आंटी उभी राहिली. पांढरा पोशाख, डोक्यावर चर्चची टोपी.

"आंटी," अध्यक्ष बी पेरल्यासारखे म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत?"

"काय?"

"काय पाहिलंत, त्या दिवशी?"

"मोठ्याने बोल, बाळा. माझे सेल त्या पिशवीत आहेत."

ड्रमचा एक कान उभा राहिला. मी पाहिला, पण मला वाटलं माशी असेल.

अध्यक्षांनी ब्रॉनविनला विचारलं, "यांना ते सेल देता येणार नाहीत?"

"पुरावा आहे. शिवाय पार्सलवर अजून सही झालेली नाही."

"कोण काय पुटपुटतंय?" आंटी भजनाच्या आवाजात म्हणाली. "मोठ्याने बोल."

आणि ड्रम बोलला.

डोंगरात तो आवाज चार दऱ्यांत वाटला जातो. इथे तो पत्र्याखाली सगळ्यांना एकदम मिळाला. कपाटातल्या बश्या थरथरल्या. समितीतल्या बाईंचा चष्मा नाकावरून सुटला. ड्रम उठला, त्याच्यामागे घडीची खुर्ची उठली, आणि दोघे टेबलाच्या दिशेने निघाले.

"पुरे, ड्रम," मी म्हटलं.

ड्रम टेबलाला डावीकडून वळसा घालत होता.

"मिसेस गेडिस," अध्यक्ष प्रथमच मोठ्याने म्हणाले, "त्याच्याशी काहीतरी बोला!"

आता बोल काय आणि बोला काय, ड्रमला आदरार्थी बहुवचन कुठलं कळायला? त्याने आवाज दुप्पट केला. समितीतले दुसरे गृहस्थ खुर्चीवर चढून ओरडले, "अहो, कुणीतरी बोला ना त्याला!" तिप्पट. जो तो मदतीला धावत होता आणि जो तो आगीत तेल ओतत होता. तिघेही उठले, भिंतीला लागून सरकू लागले. एक जण दाराकडे सुटला, तर ड्रम त्याच्याआधी तिथे, पाठीमागे खुर्ची खणखणत. ब्रॉनविन पट्टा धरायला धावली, आणि तिला कळायच्या आत ती कळपात होती. अंगावर जायचं नाव नाही. नुसतं थोडं इकडून, थोडं तिकडून, आणि मधोमध तो आवाज. दोन मिनिटांत अध्यक्ष, दोन सभासद आणि कुत्र्यांची अधिकारी अशी चार डोकी चहाच्या स्वयंपाकघरात, उकळत्या पाण्याच्या पिंपामागे, एकमेकांना चिकटून उभी होती.

आंटी या सगळ्याकडे पाठ करून, रिकाम्या टेबलाला साक्ष देत होती. "फार गुणी कुत्रा. दोन वर्षं शेजारी आहे. एकदासुद्धा आवाज ऐकला नाही त्याचा."

ड्रम स्वयंपाकघराच्या दारात बसला आणि भुंकत राहिला. मधेच त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर कळली. फार उशिरा, पण कळली. मेंढरं आत गेलीत, असं तो म्हणत होता. माझं काम झालं. आता फाटक लाव. फाटक लावणं माणसाचं काम असतं. डोंगरावर डेस लावायचा. त्या मंगळवारी रेवीला खुराड्यात घालून ड्रम हीच वाट पाहत असणार, आणि मी त्याच्यासमोर उभी राहून अंड्यांची चौकशी करत होते.

"पुरे," मी म्हटलं. "पुरे रे, बाळा. पुरे." माझा तो एक शब्द. तो भिंतीवर आपटून माझ्याच पायाशी पडत होता. ड्रमचं त्याच्याशी कधीच काही नातं नव्हतं. पिंपामागून चार जोड डोळे मला पाहत होते, आणि मला सुई दिसत होती.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

एकच. लांब, सरळ, शेवटी किंचित उतरलेली. ड्रम जागच्या जागी पोटावर बसला, जणू कुणी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हॉल इतका शांत झाला की पिंपातलं पाणी खदखदताना ऐकू आलं.

 ती शिट्टी मी चाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकली होती. ती वाजली की मी बटाटे चुलीवर चढवायची, कारण आता डेस डोंगर उतरणार. तिचा अर्थ ड्रमला ठाऊक होता, कोंबड्यांनाही असेल, फक्त मी तिला जेवणाची घंटा समजत आले होते.

मी वळले. मागच्या रांगेत रेवी उभा होता. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्याची दोन बोटं अजून ओठांशी.

"माझे आजोबा मेंढपाळ होते," तो कानकोंडा होऊन म्हणाला. "कुत्र्याला बसवायची ही शिट्टी सगळेच मेंढपाळ मारतात. त्यांनी मला शिकवलेली तेवढी एकच गोष्ट. त्या दिवशी खुराड्यातून घाबरून मारली, तेव्हाही हा असाच बसला होता."

म्हणजे त्या दिवशी माझ्या शब्दाने काहीच झालं नव्हतं. मी येण्याआधीच तो बसलेला होता, आणि उठला तो तहान लागली म्हणून.

पिंपामागून ब्रॉनविन म्हणाली, "हे तू तक्रारीत का नाही लिहिलंस?"

"कुत्र्याने काय केलं एवढंच विचारलं होतं. तो थांबला कसा, याचा रकाना नव्हता."

ब्रॉनविन बाहेर आली. तिने ड्रमकडे पाहिलं, आंटीकडे पाहिलं, मग पट्टा नीट हाताला गुंडाळून अगदी हळू म्हणाली, "बोल." ड्रम बोलला. रेवीने शिट्टी दिली. ड्रम बसला. तिने रेवीला विचारलं, "त्या दिवशी आंटी तुला काय म्हणाल्या होत्या?"

रेवीचं तोंड उघडं राहिलं. "मोठ्याने बोल," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच शिट्टी मारली.

समिती पुन्हा टेबलाशी येऊन बसली. खुर्च्या जरा लांब घेऊन. माझ्या जिवात जीव आला होता आणि मी लगेच बोलायला सुरुवात केली, "म्हणजे बघा, तो फक्त आज्ञा पाळत होता, मी म्हणतच होते की..."

"मिसेस गेडिस," रेवी म्हणाला. आवाज चढवला नाही. "तो आज्ञा पाळत होता, ते खरं. पण तो कोणत्या आज्ञेवर थांबतो ते तुम्हालाच ठाऊक नव्हतं. आणि फाटकाला तार होती. मी पडलो, मनगटावर निभावलं. मासिना आंटी पडल्या असत्या तर?"

मी आंटीकडे पाहिलं. ती टोपी सावरत बसली होती, पक्ष्याएवढी हलकी, खुब्यांची हाडं काड्यांसारखी. रोज त्याच कुंपणाशी टारो घेऊन उभी राहते ती. माझं ते गुळगुळीत वाक्य घशात आलं, आणि मी ते प्रथमच गिळलं.

"मला कोर्ट नको," रेवी समितीला म्हणाला. "कुत्रा चांगला आहे. मला फाटक हवंय."

जो मुलगा माझ्या खुराड्यात मोडलेलं मनगट घेऊन बसला होता, त्याने माझा ड्रम मला परत दिला. मी त्याच्या धड हाताला दोन्ही हातांनी धरलं आणि मला एक शब्द सुचेना. गावकऱ्यांच्या मते वायकोराच्या इतिहासात असं प्रथमच घडलं.

अटी ठरल्या. सहा फूट कुंपण. आपोआप मिटणारं, स्प्रिंगचं फाटक. बाहेर नेताना मुसकं आणि पट्टा, पट्टा हातात. फाटकावर इशाऱ्याची पाटी. मालकिणीने शिट्टी शिकावी. आणि सहावी अट, अध्यक्षांनी स्वतःच्या अक्षरात खाली लिहिलेली: "माझा कुत्रा माणसाला काही करत नाही" हे वाक्य मालकिणीने यापुढे उच्चारू नये.

फाटक रस्त्यावरच्या अकरा घरांनी मिळून उभं केलं. गुडघ्याच्या मलमवाल्याने खांब रोवले, कार्डवालीने रंग दिला. सगळे टोमणे मारत होते आणि सगळे खिळे ठोकत होते. मी सगळ्यांना चहा देत फिरत होते आणि मनात म्हणत होते, देवा, या माणसांना मी कोणत्या तोंडाने लळ्याच्या गोष्टी सांगत होते? लळा म्हणजे हा. फाटकावर पाटी आली: "कुत्र्यापासून सावध. आत 'बोला' म्हणू नये." आता माझ्याकडे येणारी माणसं दारात उभी राहून नुसते हातवारे करतात. दूधवाला तर नाटकातल्या मुक्यासारखा दिसतो.

शिट्टीचं जरा अवघड झालं. रेवी हात बरा झाल्यावर दर रविवारी शिकवायला येऊ लागला. पहिल्याच फुंकरीला माझी कवळी उडून पाण्याच्या भांड्यात पडली. ड्रमने ती आदराने हुंगली. मग रेवीने आजोबांची पत्र्याची शिट्टी आणून दिली, जिभेवर ठेवून वाजवायची.

"ही तुझ्या आजोबांची आठवण आहे," मी म्हटलं. "मला कशी देतोस?"

"तुमच्याकडे तिला काम आहे," तो म्हणाला.

मासिना आंटीला अखेर तिचं पार्सल मिळालं, सही करून. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंपणाशी आली. यंत्र कानात, सेल नवेकोरे. रस्त्याने एक मेंढरांचा ट्रक चालला होता, आणि ड्रम आतल्या आत त्याला निरोप देत होता. आंटी दगड होऊन उभी.

"हा ड्रम भुंकतोय?"

"हो, आंटी."

"रोज एवढा?"

"रोज."

"दोन वर्षं?"

मी मान खाली घातली. आता ही ब्रॉनविनला फोन करणार, आवाजाची तक्रार होणार, पुन्हा तो हॉल, पुन्हा ते पिंप. आंटीने बराच वेळ ड्रमकडे पाहिलं. मग कानातून यंत्र काढलं, सेल वेगळे केले, रुमालात बांधले आणि बटव्यात टाकले.

"रविवारीच घालत जाईन," ती म्हणाली. "चर्चला."

मी म्हटलं, "आंटी, तुमचे उपकार..."

"काय म्हणालीस? मोठ्याने बोल, पोरी."

ड्रम उठला. गर्जत फाटकाकडे धावला. आंटीशी बाहेर उभं राहून बोलणारी मी नेमकी तेव्हाच तिथून आत शिरले, आणि स्प्रिंग माझ्यापाठोपाठ तिचं काम करत होती. फाटक खट् करून मिटलं. ड्रम त्याच्यापुढे थांबला आणि प्रथमच समाधानाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

मी ऐटीत शिट्टी जिभेवर ठेवली आणि जीव लावून वाजवली. लांब, सरळ, शेवटी किंचित उतरलेली. ड्रमवर तिचा काही परिणाम झाला नाही. तीन घरं पलीकडून टपाल वाटत येणाऱ्या रेवीने दोन बोटं ओठांत घातली, तेव्हा कुठे तो बसला.

माझी शिट्टी अगदीच वाया गेली असं मात्र नाही. खुराड्यातल्या पाचही कोंबड्या खाली बसल्या होत्या.